चार नंबरची रॉक्सबी

७ मार्च १९७१, रविवार
पोस्टाचा संप उद्या मिटणार म्हणतात. म्हणजे उद्यापासून कामाला लागायचं. आजपासून ही वही. कुणाला दाखवायची नाही. वर्कशॉपमधल्या ऑझीला तर मुळीच नाही.

ठरलं ते असं. रॉक्सबी कंपनीने रेसच्या गाड्या केल्या एकूण सहा. पाचांचा ठावठिकाणा लागलेला आहे. चार नंबर १९५५ नंतर गायब. ती मी शोधणार. मे संपायच्या आत. मग ती घेऊन गावी ॲम्बलला जायचं, घरासमोर उभी करायची, आणि बाबांना बाहेर बोलवायचं. बाबा आणि स्टॅनकाका, दोघंही रॉक्सबीचे मेकॅनिक. चार नंबर त्यांनीच जोडलेली. आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर फोटो आहे, दोघं भाऊ तिच्या बॉनेटला टेकून उभे. काका त्याच वर्षी फ्रान्समध्ये गेला, लॉरीच्या अपघातात. बाबांनी नोकरी सोडली आणि गावी परतून बंदरावर कोळसा उतरवायला लागले. आता त्यांच्या छातीत सगळा तोच कोळसा आहे.

विनीचा फोन आला होता. थोरली बहीण आहे, त्यामुळे हुकूमच सोडते. म्हणाली, डॉक्टर आता गोड बोलायला लागलाय, म्हणजे काही खरं नाही. तू एकदा ये. नुसता ये.

नुसता कशाला जाऊ? गाडी घेऊनच जातो.

१३ मार्च, शनिवार
सगळ्या मोटार-क्लबांना पत्रं टाकली. स्पेलिंग ऑझीकडून तपासून घेणार होतो, पण तो हसला असता. मी शाळा पंधराव्या वर्षी सोडली, त्यामुळे माझं काही अडलेलं नाही. इतिहासाला स्पेलिंग लागत नाही, चिकाटी लागते.

वर्कशॉपच्या मालकांना, पेनफोल्डसाहेबांना, सांगितलं की यापुढे माझं काम पार्ट धुणं न धरता संशोधन धरावं. साहेब म्हणाले, धर की, पण धुता धुता.

फ्रेंच शिकायचं पुस्तक आणलं. चार नंबरची शेवटची रेस फ्रान्सला झाली होती, उद्या तिकडे जावं लागलं तर? रोज एक पान.

२१ मार्च, रविवार
घरी फोन केला. बाबांनी स्वतः उचलला. खरं म्हणजे सगळं गुपित ठेवायचं होतं, पण राहवलं नाही. म्हटलं, बाबा, मी चार नंबर शोधतोय. मग रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज. मग दार.

थोड्या वेळाने विनी फोनवर आली. काय बोललास रे त्यांना, परसात जाऊन उभे आहेत, अंगात कोटसुद्धा नाही. मी म्हटलं, भरून आलं असेल. ती म्हणाली, भरून नाही, खोकला आलाय, आणि तो तुझ्यामुळे.

बाईमाणसाला गाड्यांमधलं काय कळणार. बाबांना किती आनंद झाला असेल ते मला बरोबर कळलं.

२ एप्रिल, शुक्रवार
एकाही क्लबचं उत्तर नाही. संपामुळे तुंबलेलं टपाल अजून निघत नसणार. ऑझी म्हणतो, संप मिटून महिना होत आला, माझी फुटबॉलच्या पैजांची कुपनं वेळेवर येतात. त्याची कुपनं छापील असतात. हाताने लिहिलेल्याला वेळ लागतो.

फ्रेंच, पान तीन. सिगारेट सोडली.

११ एप्रिल, रविवार, ईस्टर
घरी गेलो नाही. जाणार होतो, पिशवी भरली होती. पण लेस्टरच्या क्विल्टर नावाच्या दातांच्या डॉक्टरकडे एक नंबरची रॉक्सबी आहे, आणि त्यांना फक्त कालचाच वेळ होता. म्हणाले, पेशंट बनून ये, खुर्चीत बस, बोलू. बसलो. त्यांनी तोंडात आरसा घातला आणि स्वतःच्याच गाडीचं सांगत सुटले. चार नंबरचं विचारायला मी तोंड उघडायचो, तर तोंड आधीच उघडं. शेवटी म्हणाले, ही दाढ काही ठेवण्यासारखी नाही.

माहिती मिळाली नाही. पण मोठ्या माणसाची ओळख झाली, ती पुढे उपयोगी पडेल. सूप पिऊन राहिलोय. दाढेच्या दुखण्यापायी सिगारेट परत सुरू करावी लागली.

विनीने फोनवर विचारलं, मग आता कधी? म्हटलं, मेमध्ये, नक्की. ती म्हणाली, त्यांनी तुझ्यासाठी खिडकीपाशी खुर्ची ठेवायला लावली होती. म्हटलं, खुर्ची असू दे तिथेच.

२५ एप्रिल, रविवार
लिंकनशरला एका शेतकऱ्याकडे रॉक्सबी आहे असं कळलं. बस, मग दुसरी बस, मग चिखल. गाडी पुढून रॉक्सबीसारखी, मागून न्हाणीच्या टबासारखी. कुणीतरी हौसेने घरीच केलेली. आत कोंबड्या. शेतकरी म्हणाला, हवी तर घेऊन जा, पण कोंबड्या उतरेपर्यंत थांब.

एक नाव कमी झालं, म्हणजे शोध पुढेच गेला. ऑझीला हे पटत नाही. वर्कशॉपमध्ये शिरल्या शिरल्या म्हणाला, या डिटेक्टिव्हसाहेब, अंडी आणलीत का?

८ मे, शनिवार
बाबांचा पलंग खाली पुढच्या खोलीत आणलाय. जिना चढवत नाही. विनी म्हणाली, आज स्वतः होऊन तुझं नाव काढलं. तुला काहीतरी सांगायचंय म्हणाले. काय ते मला सांगत नाहीत. म्हणाले, त्याला सांग, एकटाच ये.

एकटाच. यावर बराच विचार केला. म्हणजे साहेब नकोत, ऑझी नको, मी एकट्याने चार नंबर चालवत दारात यायचं. बाबांना तेच बघायचंय. हे ऐकून दुप्पट हुरूप आला.

फ्रेंच, पान तीन. उजळणी चालू आहे.

३० मे, रविवार
मे संपला. यात माझी काही चूक नाही. मुदत मीच घातली होती, तेव्हा मलाच वाढवता येते. जून.

९ जून, बुधवार
सापडली.

क्लबच्या मासिकात साहेबांनी माझ्या नावाने चार ओळी छापून आणल्या होत्या. नॉरफोकमधून एका पाद्र्याच्या विधवेचा फोन आला, मिसेस थर्टल. म्हणाल्या, आमच्या ह्यांनी छप्पन्न साली एक हिरवी गाडी घेतली, एकदाच चालवली, देव आठवला म्हणाले, आणि गोठ्यात लावून टाकली. साहेब, मी, ऑझी, तिघंही गेलो. ताडपत्री काढली. रॉक्सबीच. साहेबांनी गुडघे टेकून डॅशबोर्डखाली टॉर्च मारला. नंबराची पट्टी. चार.

साहेब सहसा कुणाला हात देत नाहीत. मला दिला.

१३ जून, रविवार
गाडी वर्कशॉपमध्ये आली. साहेबांनी तिथल्या तिथे सौदा करून घेतली. पहिल्यांदाच इंजिनाचे पार्ट धुताना मला काही वाटलं नाही.

एक गोष्ट लिहून ठेवतो. पट्टी सांगाड्याला पक्की करणारे रिव्हेट बाकीच्या रॉक्सबींसारखे नाहीत. तिकडे नीट बसवलेले, एका ओळीत. इथे एक वाकडा, एक अर्धवट ठोकलेला. आणि सांगाड्यावर रेसच्या काही खुणा नाहीत, आतून रंग अगदी कोरा. साहेबांना दाखवलं. म्हणाले, पोरा, या धंद्यात नंबर म्हणजे गाडी. इंजिन बदलतं, पत्रा बदलतो, चाकं बदलतात. नंबर एकच. पट्टी खरी आहे, आणखी काय पाहिजे?

बरोबर आहे. रिव्हेट बाबांनी घाईत मारले असतील. रेसच्या आदल्या दिवशी घाई होतेच.

२७ जून, रविवार
विनीला आनंदाची बातमी दिली. ती म्हणाली, एडी, गाडी राहू दे. तू ये. मी म्हटलं, आता सापडल्यावर गाडी राहू दे? ती म्हणाली, गाडीचं नाव काढलं की ते भिंतीकडे तोंड करतात. मी म्हटलं, इतकी वर्षं वाट पाहिली त्यांनी, सोपं आहे का? तिने फोन ठेवला. तिच्यावर कामाचा ताण फार आहे. गेलो की तिला दोन दिवस विश्रांती द्यायची.

१८ जुलै, रविवार
या आठवड्यात जाणार होतो. ब्रेक धरत नाहीत. विनाब्रेकची गाडी बाबांना दाखवली तर ते मला कामावरून काढायला सांगतील.

१ ऑगस्ट, रविवार
ब्रेक झाले. हिरवा रंग चुकला. साहेब म्हणतात, कुणाला कळतंय. मी म्हटलं, बाबांना कळेल. नवा रंग दिला, वाळायला वेळ लागतो. दमट हवा.

विनीचा फोन मिसेस ग्रिबलने घेतला. ही माझी घरमालकीण, इतकी चिक्कू की चहाचा दुसरा कप मागितला तर जळणाऱ्या दिव्याकडे बघते. निरोप असा, वडील आता बसूनच झोपतात. आणि स्वतःचं मत असं, माझा पोरगा असता तर रंगाचा डबा डोक्यात घातला असता.

१० ऑगस्ट, मंगळवार
शनिवारी निघायचं. नक्की. साहेब स्वतःहून ट्रेलर देताहेत, ऑझी ट्रक चालवेल. गाडी तिकडे रस्त्यावर चालवायची नाही, विम्यात बसत नाही. सोमवारी सकाळी परत पाहिजे, गिऱ्हाईक बघायला येणार आहेत. कॅमेरापण दिलाय. म्हणाले, तुझ्या वडिलांचा गाडीवर हात ठेवलेला एक चांगला फोटो आण. अशा फोटोने गाडीचं वजन वाढतं.

एकटाच ये म्हणाले होते. पण ऑझी तसा कुणी नाही. त्याला बंदरावर बसवून ठेवीन.

१४ ऑगस्ट, शनिवार, ॲम्बल
पोचलो. गल्लीत ट्रेलर शिरेना. बंदरावरचे चौघे आले, गाडी उतरवून हातांनी ढकलत वर आणली. कुत्री पुढे. कुणीतरी ओरडलं, काय एडी, पेट्रोल परवडत नाही का रे? मी स्टिअरिंगवर. खिडकीचा पडदा हलला. हाच तो क्षण, असं वाटलं.

विनी दारात. हात पिठाने भरलेले. माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, ऑझीकडे बघितलं. इतक्या हळू आवाजात म्हणाली की फक्त मलाच ऐकू आलं. एकटा ये म्हटलं होतं ना तुला.

मग बाबा आले. कुणी आणलं नाही, भिंतीला धरून आपले आपण आले. पायजमा, वर जाड कोट. कोटात माणूस फार थोडा उरलाय. मी म्हटलं, बाबा, ओळखली का? ते गाडीभोवती फिरले नाहीत. रंग बघितला नाही. सरळ वाकले, हात डॅशबोर्डखाली घातला. न बघता. अंगठा पट्टीवरून फिरला, एका रिव्हेटवर थांबला, मग दुसऱ्यावर. तसेच वाकलेले राहिले, श्वास वाजत होता. बंदरावरच्या चौघांनी टोप्या काढल्या, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग हात काढून घेतला, कोटाला पुसला, आणि आत गेले.

ऑझीने फोटो काढला, पण बाबांची पाठच आली असणार. ऑझी रात्रीच्या राहण्यासाठी खानावळीकडे गेला. जाताना आज काही टोमणा मारला नाही, नुसती माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटतं, बाबांना इतकं भरून आलं की बोलता आलं नाही. उद्या बोलतील. विनीने जेवायला वाढलं. हेरिंग मासे तळलेले, पाव.

१५ ऑगस्ट, रविवार
विनी चर्चला गेली. मी पलंगाशी बसलो. बाबांनीच सुरुवात केली. दोन वाक्यं, मग श्वास, मग दोन वाक्यं. जसं सांगितलं तसं लिहितो.

रेस झाली. कॅले बंदराकडे परत यायचं होतं. लॉरीत जास्तीचा एक सांगाडा होता, सुटे भाग म्हणून नेलेला, त्याला नंबर नव्हता. चार नंबर रस्त्यानेच चालवत आणायची, ती बाबांनी. स्टॅन म्हणाला, दादा, आज मला दे. रेसच्या गाडीला तो नेहमी ढकलायलाच असायचा, चालवायला कधीच नाही. बाबांनी दिली. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, पुढे बीट भरलेली शेतगाडी आडवी वळली.

लॉरीचा अपघात नव्हताच. आजीला तसं सांगितलं.

मालक, रॉक्सबीसाहेब, दुसऱ्या दिवशी म्हणाले, कागदावर रेसच्या दोन गाड्या लिहून आत आणल्यात, दोनच बाहेर न्यायला हव्यात. एक कमी दिसली तर फ्रेंच जकातवाले तिच्यावर एवढी जकात बसवतील की कंपनी बुडेल, मग पगार कुणालाच नाही. पट्टी काढ. स्टॅन अजून तिथल्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत होता. बाबांनी चुरगळलेल्या गाडीतून पट्टी ड्रिलने काढली, लॉरीतल्या सांगाड्यावर बसवली, वर जुना पत्रा चढवला. रिव्हेट नीट मारता येईनात, हात राहत नव्हता. खरी चार नंबर एका खाणीत ढकलून दिली. ढकलायला बाबाच होते.

कॅलेला जकातवाल्याने वाकून नंबर वाचला, कागदाशी ताडला आणि सलाम केला. बाबा म्हणाले, भाऊ आला नाही, नंबर आला.

मग म्हणाले, हे तुला सांगायला बोलावत होतो. विनीला हे झेपायचं नाही, स्टॅन तिचा लाडका होता. तू एकटा येशील, समुद्राकडे तोंड करून बसू, आणि सांगेन, असं मनात होतं. तू तर तेच घेऊन आलास.

मी म्हटलं, मला काय माहीत. ते म्हणाले, तुला कसं माहीत असणार, पोरा. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

खिडकीतून गाडी दिसत होती. म्हणाले, तिच्यावर काहीतरी टाक. मी बाहेर जाऊन ताडपत्री टाकली.

दुपारी ऑझी ट्रक घेऊन आला. बाबांनी विचारलं, राहशील दोन दिवस? गाडी ऑझी नेईल. मी म्हटलं, ट्रेलरवरून गाडी उतरवायला दोन माणसं लागतात, उद्या गिऱ्हाईक यायचंय. पण पुढच्या शनिवारी येतो. एकटा. समुद्राकडे तोंड करून बसू. बाबांनी मान हलवली. विनीने वाटेसाठी पाव बांधून दिला, ऑझीच्या हातात.

पुढच्या शनिवारी नक्की. पहाटेची आगगाडी. तिकीट उद्याच काढायचं.

१९ ऑगस्ट, गुरुवार
विनीचा फोन. सकाळी गेले. ती चहा घेऊन आत गेली तेव्हा खिडकीकडे तोंड होतं, म्हणाली.

तिकीट काढलेलं होतं. शनिवारचं.

२५ ऑगस्ट, बुधवार, ॲम्बल
बाबांना मातीत ठेवलं. त्याच चौघांनी खांदा दिला, पाचवा मी. एकाने विचारलं, गाडी नाही आणलीस? चिडवायला नव्हे, सहज.

विनीला सांगितलं नाही. तिने विचारलं, त्या रविवारी काय बोललात एवढं? म्हटलं, जुन्या गाड्यांचं. ती म्हणाली, चला, तुला हवं ते मिळालं.

खिडकीपाशी खुर्ची अजून तशीच आहे. मी उभाच राहिलो.

१२ सप्टेंबर, रविवार
साहेबांना सगळं सांगितलं, खाणीपर्यंत. त्यांनी पाइप पेटवला. ऐकून फार वाईट वाटलं म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं. मग म्हणाले, पण पट्टी खरी आहे. तुझ्या वडिलांनीच बसवलेली आहे. याहून खरी कुठली असणार? आणि तू हे सगळीकडे सांगत सुटलास तर तुझ्या वडिलांचंच नाव जकात चुकवणाऱ्यांत येईल.

त्यांचं म्हणणं बरोबर असावं. मी फार शिकलेलो नाही.

ऑझीला फ्रेंचचं पुस्तक दिलं. त्याने हात पुसून घेतलं.

२ ऑक्टोबर, शनिवार
गाडी विकली गेली. सरे परगण्यातलं गिऱ्हाईक, नवरा-बायको, दोघांचेही हातमोजे एकाच कातड्याचे. साहेब म्हणाले, हाच तो मुलगा, याने शोधली, याच्याच वडिलांनी बांधली. त्या गृहस्थाने माझा हात हातात घेतला, त्याला तेल लागलेलं असताना. विचारलं, तुझ्या वडिलांनी पाहिली का रे? म्हटलं, पाहिली. काय म्हणाले? म्हटलं, काही नाही. नुसता पट्टीवरून अंगठा फिरवला.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बायको बाहेर ट्रेलरपाशी होती, तिला हाक मारून आत बोलावलं, आणि मला म्हणाला, हिला सांग, मला सांगितलंस तसंच सांग.

परत सांगितलं. या वेळी, बाबा हसले, असंही सांगितलं.